गोल आधी, पास नंतर

कवळ्या बनवणाऱ्या ताईला माणसं कळतात ती जबड्यावरून. चेहरा तिच्या वाट्याला कधी येतच नाही. दातांच्या डॉक्टरांकडून प्लास्टरचे दोन साचे येतात, एक वरचा आणि एक खालचा. सोबत चिठ्ठी असते, 'पूर्ण कवळी, रंग जरा पिवळट ठेवा.' एवढ्यावर ताई माणूस ओळखते. पुढचे दात झिजलेले म्हणजे हा झोपेत दात खाणारा. एकाच बाजूची दाढ घासलेली म्हणजे दुसऱ्या बाजूचं दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढणारा. मग ती मेणात एकेक दात बसवते, मागेपुढे करून बघते, आणि तयार कवळी डबीत घालून पाठवून देते. ती कवळी कुणाच्या तोंडात कशी हसते, हे ताईने आजवर एकदाही पाहिलेलं नाही. कुणी दाखवायला येत नाही, आणि का यावं म्हणा!

कामाची जागा तळघरात. खिडकी आहे, पण तिच्यातून दिसतात ती रस्त्यावरून जाणाऱ्यांची पावलं. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे ऊन खायला वर जातात. ताई भुवयांवरची प्लास्टरची भुकटी पुसते, डबा उघडते आणि समोर पुस्तक उभं करते. ते पुस्तक म्हणजे मांगा, जपानी चित्रकथा, आणि तीही फुटबॉलची. पन्नाशीला टेकलेली बाई आणि पानापानावर धावणारी पोरं. नवीन आलेल्या पॉलिशवाल्याला राहवलं नाही.

"ताई, नातवाचं का हो पुस्तक?"

"नातू व्हायला आधी लग्न करावं लागतं म्हणतात," ताई म्हणाली. पॉलिशवाला मुकाट्याने आपल्या यंत्राकडे गेला.

लग्न राहून गेलं, एवढंच. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ शाळेत होता, वडील त्याआधीच गेलेले. ताईने त्याला वाढवलं. त्याचं दूध, त्याचे बूट, त्याचा ताप, सगळं तिच्याकडे. पोरगं मोठं व्हायला लागलं तसं बोलेनासं झालं. विचारलं की 'हं', नाहीतर 'काही नाही'. जेवताना ताटाशेजारी ही फुटबॉलची मांगा. शेवटी ताईने ठरवलं, हा आपल्याकडे येत नाही तर आपण त्याच्याकडे जावं. तो शाळेत गेल्यावर तिने पहिला खंड उचलला, आपण सगळी पुस्तकं उघडतो तसा उघडला आणि वाचून काढला.

जेवायला बसल्यावर ती म्हणाली, "काय रे हे तुझे खेळाडू! आधी गोल करतात आणि मग पास देतात. आणि तो लंगडा पोरगा शेवटी धडधाकट होऊन घरी जातो, ते कसं?"

धाकटा तिच्याकडे बघत राहिला. मग असा हसला, की पाणी नाकातून आलं. "ताई, उलटं वाचलंस गं! हे उजवीकडून वाचायचं असतं!" हसून हसून तो खुर्चीवरून खाली घसरला. आई गेल्यानंतर त्या घरात एवढं मोठं हसू पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. ताईला आपल्या अडाणीपणाचा इतका अभिमान पुन्हा कधी वाटला नाही.

तेव्हापासून दोघांची भाषाच ती झाली. नवा खंड आला की आधी धाकटा वाचायचा, मग ताई, आणि मग भांडण. भांडण कोण कुठे खेळतो यावरून. गोल मारणारा पोरगा होता, त्याला त्यांनी नाव ठेवलं होतं कावळा. धाकट्याचा जीव त्या कावळ्यावर. ताई म्हणायची, "तुझा कावळा आयत्या बिळावर नागोबा. चेंडू पायाशी आणून देतो तो मास्तर." मास्तर म्हणजे मैदानाच्या मध्यावर खेळणारा, सगळ्यांना चेंडू वाटणारा. ताई त्याला तोंडावरून ओळखायची. "कावळा बघ, मारायच्या आधी खालचा ओठ दातात धरतो. समोरच्याला कळतं ना मग! मास्तरचं तोंड नेहमी जरासं उघडं. तो चेंडूकडे बघतच नाही, जागा शोधत असतो." बचावातला एक दांडगा होता. तो सदा दातओठ खाऊन उभा. "याच्या दाढा म्हातारपणी माझ्याकडे येणार," असं ताईने जाहीर करून टाकलं होतं.

फक्त गोलकीपर तिला वाचता यायचा नाही. चित्रकार त्याला बहुतेक वेळा पाठीमागूनच काढायचा. त्याच्या खांद्यावरून सगळं मैदान दिसायचं, त्याचं तोंड मात्र नाही. आणि एकदा धाकट्याने घरातल्या माणसांना जागा वाटून दिल्या तेव्हा स्वतः कावळा झाला, शिट्टीसारख्या आवाजाची घरमालकीण रेफरी झाली, आणि ताईला केलं गोलकीपर.

ताईने हसून घेतलं, पण ते तिला लागलं. गोलकीपर म्हणजे काय, तर सगळे पुढे जातात तेव्हा मागे राहणारा. गोल होतो तो मैदानाच्या त्या टोकाला. सगळे एकमेकांच्या गळ्यात पडतात आणि हा आपला इथे एकटाच उड्या मारतो. का बरं गोलकीपर, हे तिने त्याला कधी विचारलं नाही.

मग कावळा उडाला. लांबच्या शहरात नोकरी, लग्न, आता एक मुलगी. भावजय चांगली आहे, मुलगी फोनवर 'आत्या' म्हणते आणि पळते. धाकटा दर रविवारी दुपारी फोन करतो, त्यात खंड नाही. पण 'बरी आहेस ना?' 'बरी आहे. तू?' 'बराय' झालं की पुढे काय बोलायचं हे दोघांनाही येत नाही. तब्येतीचं ती सांगत नाही, नोकरीचं तो सांगत नाही. मग त्याचा आवाज जरा वर चढतो, "नवीन वाचलंस का गं?" आणि ताई सुरू होते. तेवढा वेळ घरात माणूस असल्यासारखं वाटतं.

परवा पुस्तकांच्या दुकानदाराने नवा खंड तिच्यासाठी बाजूला काढून ठेवला होता. पिशवीत घालताना तो म्हणाला, "घ्या ताई, शेवटचा. संपली एकदाची." गोष्ट संपली याचं वाईट कुणालाही वाटेल. ताईला भीती वाटली ती रविवारची. 'बराय'च्या पुढे आता काय?

तिने तो खंड पुरवून पुरवून वाचला. शेवटच्या सामन्यात मास्तरचा घोटा मुरगळतो, त्याला उचलून बाहेर नेतात. तो पट्टी बांधून परत येतो, लंगडत पास देतो, कावळा गोल करतो, कप मिळतो. सगळे त्या टोकाला एकमेकांच्या अंगावर. आणि शेवटच्या पानावर, कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत, गोलकीपर एकटा हातमोजे काढतोय. पाठमोराच. ताईला चित्रकाराचा संताप आला. "मेल्या, आता तरी वळवायचास की त्याला!" ती मोठ्याने म्हणाली. स्वयंपाकघरात ऐकायला कुणी नव्हतं.

मग तिला एक कल्पना सुचली. शेवटचाच खंड आहे, तर जाता जाता ते जुनं हसू पुन्हा एकदा ऐकावं. मुद्दाम उलटं सांगायचं. तो म्हणेल, ताई, अगं उलटं वाचलंस!

रविवारी फोन आला. बरी, बराय झालं.

"वाचलंस का गं?"

"वाचलं रे," ताई जड आवाज काढून म्हणाली. "काय हा शेवट! कावळ्याने गोल केला, मग मास्तरने पास दिला, आणि मग लंगडणाऱ्या त्या बिचाऱ्याला उचलून नेलं. संपलंच की सगळं." आणि ती तोंडावर हात धरून त्याच्या हसण्याची वाट बघू लागली.

"हो ना," धाकटा म्हणाला. "मलाही फार वाईट वाटलं मास्तरचं."

ताईचा हात तोंडावरच राहिला. तिकडे भांड्यांचा आवाज येत होता, मुलगी काहीतरी मागत होती. तिला एका क्षणात सगळं कळलं. हा वाचत नाही. कधीपासून वाचत नाही कुणास ठाऊक. 'भारी ना,' 'तू म्हणतेस तसंच,' 'मलाही तेच वाटलं', गेल्या कित्येक रविवारांची त्याची वाक्यं तिला आठवली. एकदाही तो भांडला नव्हता. ज्या पोराने कावळ्यापायी तिच्याशी अबोला धरला होता, तो इतका समजूतदार झाला तेव्हाच शंका यायला हवी होती. इतके दिवस मैदानात ती एकटीच होती.

खोटं कशाला बोला, रडू आलं. दूध, बूट, ताप सगळं आठवलं. म्हणावंसं वाटलं, पकडलं रे तुला! पण पकडून करायचं काय? पकडलं तर तो ओशाळणार, आणि पुढच्या रविवारी फोन करताना कचरणार.

"ताई? आहेस ना?"

"आहे."

"ऑफिसात कुणीतरी म्हणत होतं, हा शेवटचा होता म्हणे."

ताईने टेबलावरच्या त्या खंडाकडे बघितलं. मग तो उचलून पाठीमागच्या कपाटात, डब्यांच्या मागे सारला.

"छे रे! त्यांना काय कळतंय," ती म्हणाली. "अजून पुढे आहे. बरंच आहे."

"खरंच?" धाकट्याने श्वास सोडल्याचं तिला इकडे ऐकू आलं. "बरं झालं गं. मला काळजी लागली होती, आता तुला विचारायचं काय."

ताई पदराने नाक पुसून म्हणाली, "विचार ना. पुढच्या रविवारी विचार. गोलकीपरचं आहे पुढे."

"गोलकीपरचं? त्याचं काय?"

"तो गोल सोडून पुढे येतो."

"का?"

"ते तेव्हा सांगते," ताई म्हणाली. का ते तिला स्वतःलाच अजून माहीत नव्हतं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे वर गेल्यावर तिने डबा बाजूला ठेवला, एका चिठ्ठीच्या कोऱ्या पाठीवर गोलकीपरचं तोंड काढायला घेतलं, आणि सुरुवात सवयीप्रमाणे दातांपासून केली.