चूक कुणाची, हे शोधताना

हैदराबादच्या कोठी भागातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी सहा वर्षं रिपोर्ट भरायचं काम केलं. बी.एस्सी. झाल्यावर दुसरं काही मिळेपर्यंत म्हणून धरलेली नोकरी होती ती, आणि दुसरं काही मिळत नव्हतं. तारनाक्याहून सकाळची बस धरायची, आठाला कॉम्प्युटर सुरू करायचा आणि आतल्या मशीनमधून आलेल्या चिठ्ठ्यांवरचे आकडे पेशंटच्या नावापुढे भरायचे. काउंटरवर दोन कॉम्प्युटर होते. एकावर मी, दुसऱ्यावर पंधरा वर्षं तिथंच काढलेल्या एक बाई. त्यांना मी आपा म्हणायचे. चिठ्ठीवर फक्त नंबर असायचा; तो यादीतल्या नावाशी जुळवून चिठ्ठ्या दोघींत वाटायचं काम माझं.

एका सोमवारी बी.एड. करणाऱ्या एका मुलीचे वडील रिपोर्ट हातात धरून आले. मुलीला साधा अशक्तपणा होता, आणि आमच्या रिपोर्टप्रमाणे तिची किडनी जवळजवळ बंद पडलेली होती. दोन दिवस त्या घरात चूल पेटली नव्हती. शेवटी ज्या डॉक्टरांना दाखवलं त्यांनाच शंका आली आणि त्यांनी तपासणी पुन्हा करायला सांगितली. पुन्हा केली. किडनी ठणठणीत होती.

आमच्या लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट हातात घेतला. त्यांनी त्या दिवसाची यादी काढली आणि बोट खाली सरकवत एका नावापाशी थांबल्या. सुलतान बाजारात शिलाईचं दुकान असलेले एक वयस्क गृहस्थ, जुने किडनीचे पेशंट. त्यांचा रिपोर्ट त्या दिवशी अगदी चांगला आला होता.

"यांना फोन लाव," त्या मला म्हणाल्या.

मी लावला. पलीकडून खुशीतला आवाज आला. "बेटी, तुमीच तो बोले ना सब ठीक है. मैं दो दिन से गोलियाँ नै खाया."

त्यांना ताबडतोब बोलावून घेतलं. पुन्हा तपासलं तर किडनीचा आकडा, जो दीडच्या आत हवा, सहाच्या वर होता. त्याच दुपारी त्यांना दवाखान्यात भरती केलं. आठ दिवसांनी ते घरी आले, हे मी इथंच सांगून टाकते, कारण ते आठ दिवस मला कुणी ते सांगू शकत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. "चिठ्ठ्या तू वाटतेस ना?"

"हो."

"मग?"

दोघांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल माझ्या हातून झाली असणार, असं सगळ्यांनी धरलं. मीही धरलं. नोकरी गेली नाही, पण यापुढे प्रत्येक चिठ्ठी भरण्याआधी आपांना दाखवायची असं ठरलं. आपा चांगल्या होत्या. चिठ्ठीकडे न बघताच "हौ, ठीक है" म्हणायच्या, आणि तेच मला जास्त लागायचं.

घरी मी गॅस बंद आहे का ते तीनतीनदा बघायला लागले. बसवरचा नंबर वाचून वर चढायचे, आणि चढल्यावर कंडक्टरला पुन्हा विचारायचे. आईने ताटात काय वाढलंय ते माझ्या लक्षात राहायचं नाही. बाबा रेल्वेतून रिटायर झालेले, कमी बोलणारे. ते एकदा म्हणाले, "परेशान का आहेस एवढी? तू चुकलीस हे तुला आठवतंय का, की लोक म्हणतात म्हणून?"

मला आठवत नव्हतं. उलट त्या दिवशीचं आठवायला बसले की दोन्ही चिठ्ठ्या स्पष्ट दिसायच्या. शिंपीकाकांची माझ्याकडे, मुलीची आपांकडे. शिंपीकाकांचं नाव माझ्या पडद्यावर उघडलेलं होतं, आणि तेवढ्यात आतून कुणीतरी हाक मारली म्हणून मी उठून गेले होते. परत येऊन आकडा भरला. बस, एवढंच.

दुसऱ्या आठवड्यात दुपारी आपा जेवायला गेल्या की मी दोन्ही कॉम्प्युटर घेऊन बसायला लागले. 'अ' आणि 'ब' नावाचे दोन खोटे पेशंट तयार केले. एकाला एक आकडा, दुसऱ्याला दुसरा. सेव्ह. रिपोर्ट बरोबर यायचे. पुन्हा. पुन्हा बरोबर. चार दिवस हेच चाललं, आणि प्रत्येक बरोबर रिपोर्ट म्हणजे चूक माझीच. परवानगी न घेता मी लॅबच्या कॉम्प्युटरमध्ये खोटी नावं घालत होते, ही धास्ती वेगळीच.

पाचव्या दिवशी 'अ' उघडा ठेवून मी पाणी प्यायला गेले. तिथं एका पेशंटच्या नातेवाइकाने गाठलं, बराच वेळ गेला. परत येऊन आकडा भरला, पलीकडे 'ब'चा भरला, आणि दोन्ही रिपोर्ट काढले. आकडे एकमेकांच्या नावावर गेले होते.

आनंद झाला म्हणावं तर तसंही नव्हतं. पुन्हा करून बघितलं. नाही झालं. मग डोक्यात आलं की उठून जायला हवं. एक पडदा काही मिनिटं तसाच पडून राहिला तरच ते होत होतं. मोबाइलवर वेळ लावून तीन मिनिटं, पाच, सात असं करत गेले. दहा मिनिटांना दर वेळी होत होतं. जुन्या वहीच्या मागच्या पानावर सगळं ओळीने लिहिलं: आधी काय उघडायचं, किती थांबायचं, मग काय दाबायचं.

डॉक्टरीणबाईंना दाखवायचं म्हटल्यावर आपाही येऊन उभ्या राहिल्या. दहा मिनिटं आम्ही तिघी एका हलत नसलेल्या पडद्याकडे बघत होतो. बाहेर पेशंट खोळंबले होते. आता नाही झालं तर, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. मग मी आकडे भरले, रिपोर्ट काढले. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले, खुर्ची ओढली आणि बसल्या.

"असे आधी किती गेले असतील?" त्या म्हणाल्या. मला नव्हे, स्वतःलाच. पुढचे तीन दिवस आम्ही जुने रिपोर्ट तपासत होतो. आणखी दोन सापडले. दोन्ही किरकोळ होते.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाला मी वहीतलं सगळं फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मॅडम, आप टेस्टिंग में थे क्या पहले?"

टेस्टिंग म्हणजे आमच्याकडे रक्ताचं, लघवीचं. मी त्याला विचारलं, कसलं टेस्टिंग? त्याने सांगितलं, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं, तेव्हा कळलं की मी जे घाबरून, चोरून करत होते ती लोकांची नोकरी असते.

तीन महिन्यांनी मी अमीरपेटच्या एका संस्थेत सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या संध्याकाळच्या बॅचला नाव घातलं. अमीरपेटला गल्लीगल्लीत असे वर्ग आहेत. आमच्या वर्गात सिव्हिल इंजिनिअर होते, कॉल सेंटर सोडलेले होते, शाळेत गणित शिकवणारे एक सर होते. माझ्या बाकावर पुण्याहून आलेली एक बाई बसायची. नवऱ्याची बदली इथं झालेली, मुलांपायी नऊ वर्षं घरी राहिलेली. माझी मराठी ऐकून ती पहिल्या दिवशी हसली होती. "तू 'का'ला 'कायको' म्हणतेस आणि तुला कळतही नाही," म्हणाली. आमची मैत्री तिथूनच झाली.

शिकवणं वाईट नव्हतं. पण शेवटच्या आठवड्यात शिकवणाऱ्यांनी रेझ्युमेचा एक नमुना वाटला. त्यात एका कंपनीचं नाव होतं आणि आम्ही तिथं तीन वर्षं काम केल्याचं लिहिलेलं होतं. "फ्रेशरचा रेझ्युमे कुणी उघडत नाही," ते म्हणाले. "सगळे हेच करतात. चौकशीचा फोन आला तर आमचा माणूस उचलतो."

पुण्याच्या मैत्रिणीने तो कागद घडी करून परत दिला. मी नाही दिला. माझं वय अठ्ठावीस होतं, लॅबमध्ये मला पुढे काही नव्हतं, आणि खरं लिहून तिला दोन महिन्यांत एकही फोन आला नाही हे मी बघत होते. शेवटी मी तोच नमुना भरून पाठवला, आणि मला मात्र तिसऱ्याच आठवड्यात बोलावणं आलं. घरी मी फक्त मुलाखत आहे म्हणून सांगितलं. बाबांनी विचारलं, "लॅबचं कळल्यावर काय म्हणाले ते?" मी म्हटलं, "अजून विचारलं नाही."

मुलाखत हायटेक सिटीत होती. तारनाक्याहून मेट्रोने थेट जाता येतं. सगळ्या वाटेत मी ती तीन वर्षं घोकत होते: मॅनेजर कोण, टीममध्ये किती जण, सिनेमाच्या तिकिटांच्या साइटवर मी कोणती चूक पकडली. मुलाखत घ्यायला पन्नाशीच्या एक तेलुगू बाई होत्या. आवाज हळू, घाई नाही. आमचं बोलणं इंग्रजीत झालं.

"तुम्ही शोधलेली एक चूक सांगा."

मी तिकिटांची सांगितली. एकही शब्द अडला नाही.

"ती पहिल्यांदा दिसली तेव्हा तुम्ही काय करत होता?"

हा प्रश्न नमुन्यात नव्हता. मी काहीतरी सांगितलं. त्यांनी विचारलं, "आणि ती पुन्हा दिसली नाही तेव्हा?" त्या थांबल्या होत्या. मग माझ्या तोंडून लॅबचंच निघालं. 'अ' आणि 'ब', दहा मिनिटं, दोन कागद. बोलता बोलता माझा आवाज नेहमीसारखा झाला, हे मला तेव्हाही जाणवलं. त्यांनी खूप प्रश्न विचारले. नेटवर्कचा दोष नाही हे कशावरून? तीन मिनिटांवर का थांबला नाहीत? त्या पेशंटचं काय झालं? मी सगळ्याची उत्तरं दिली.

मग त्यांनी माझा रेझ्युमे पुन्हा वर घेतला. "हे यात कुठे आहे?"

"यात नाही," मी म्हटलं. "यात जे लिहिलंय ते खोटं आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मला हे नोंदवावं लागेल."

"हो."

"तुम्ही आधी हेच लिहून आला असता, तर मी तुमच्याशी तासभर बोलले असते." त्या स्वतः मला लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. लिफ्टचं दार बंद होताना म्हणाल्या, "दवाखान्यांची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांच्याकडे रक्ताचा रिपोर्ट म्हणजे काय हे माहीत असलेली माणसं कमी असतात."

परतीच्या मेट्रोत मी उतरायचं स्टेशन चुकले. आता हे सगळीकडे कळणार, लॅबलाही कळणार, मोबाइल वाजला की तो त्याचाच असणार, असं आठवडाभर चाललं. कुणाचाच फोन आला नाही. बाबांना मी त्याच संध्याकाळी सांगून टाकलं होतं. ते खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन बसले होते. ते बाजूला ठेवून म्हणाले, "मी विचारलं होतं तेव्हाच बोलली असतीस तर." रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "खरा कागद कर एक. मला दाखव." मी केला. सहा वर्षं लॅब, तीन महिन्यांचा कोर्स, एक सापडलेली चूक. अर्ध्या पानात संपलं. त्यांनी चष्मा लावून ते अर्धं पान दोनदा वाचलं आणि स्पेलिंगची एक चूक काढून दिली.

त्यानंतर पाच महिने गेले. रोज लॅब, रोज अर्ज. बहुतेकांनी काही कळवलंच नाही. पुण्याच्या मैत्रिणीला आधी लागली नोकरी, मुलांच्या शाळेचं अॅप बनवणाऱ्यांकडे. फी भरणाऱ्या आईला कशाचा वैताग येतो हे तिने मुलाखतीत सांगितलं म्हणे. तिने फोन केला तेव्हा मला आनंद झाला, आणि फोन ठेवल्यावर मी न्हाणीघरात जाऊन रडले.

मला बोलावलं ते माधापूरच्या एका छोट्या कंपनीने. दवाखान्यांसाठी काम करणारी. तिथल्या गृहस्थांनी फारसं काही विचारलं नाही. लॅबचंच एक सॉफ्टवेअर उघडून दिलं आणि तासाभराने येतो म्हणाले. ते परत आले तेव्हा मी कागदावर सात गोष्टी लिहिल्या होत्या. त्यातल्या दोन तर चुका नव्हत्याच, मला समजलं नव्हतं. बाकीच्या पाच त्यांनी वहीत उतरवून घेतल्या आणि एवढंच विचारलं, "लॅबमध्ये किती दिवसांची नोटीस लागते?"

डॉक्टरीणबाईंनी नोटिशीचा महिना संपायच्या आधीच मला सोडलं. आपांनी मिठी मारली आणि नव्या मुलीला चिठ्ठ्या कशा द्यायच्या ते मलाच शिकवायला लावलं.

या नोकरीला आता दोन वर्षं होतील. काळजी गेली असेल असं ज्यांना वाटतं त्यांना मी सांगते, गेली नाही. मागच्या महिन्यात आमचं नवं व्हर्जन दवाखान्यांना जाणार होतं. सगळं तपासून झालं होतं, तरी मला औषधाच्या डोसच्या पडद्याबद्दल काहीतरी वाटत होतं. काय ते सांगता येत नव्हतं. मी एक दिवस मागितला. टीममधले लोक वैतागले, एकाने तोंडावरच बोलून दाखवलं. दिवसभर मी तो पडदा सर्व बाजूंनी तपासला. काही सापडलं नाही. माझ्यामुळे सगळ्यांचा एक दिवस वाया गेला होता.

पाच वाजता टीम लीड माझ्या टेबलापाशी आले. "पाठवू?"

मी तपासलेल्या गोष्टींची यादी आणखी एकदा वरपासून खालपर्यंत वाचली. ते उभे राहिले, घाई केली नाही.

"पाठवा," मी म्हटलं.