चेअरमनबाईंचा पाळणा

आमच्या दूध संस्थेच्या चेअरमनबाई आकाशपाळण्यात बसल्या की ओरडत नसत. आजूबाजूच्या बाया किंचाळायच्या, पोरं दांड्याला मिठी मारून डोळे मिटायची, आणि या मात्र पदर दातात धरून, पाय पुढे रोवून, तहसीलदारासमोर बसावं तशा बसायच्या. चाक वरून खाली यायला लागलं, पोटात खड्डा पडला, की त्यांचे डोळे थोडे मोठे व्हायचे. एवढंच. उतरल्यावर मात्र त्या पाळणेवाल्याला गाठायच्या. "वरच्या अंगाला कट कट आवाज कावून येतोय हो? वंगण कधी घातलंतं?"

आमचं गाव मांजरसुंब्यापासून आत, डोंगराच्या कडेला. बायकांची दूध संस्था बाईंनीच उभी केली होती, आणि मी तिथे सकाळ-संध्याकाळ दुधाची फॅट तपासायला होते. संस्थेत बाईंचा धाक असा, की कुणाच्या दुधात पाणी निघालं तर त्या एक शब्दही बोलत नसत. झाकण लावून कॅन परत करायच्या. त्या गप्प बसण्याला गाव घाबरायचं. अशी ही बाई जत्रांचे दिवस आले की बदलून जायची. बीडचा उरूस असो नाहीतर धर्मापुरीकडचं कुणाचं लग्न, वाटेत कुठे पाळणा लागलाय का, ही चौकशी आधी.

पाळण्यांबद्दल त्यांची मतं पक्की होती. गोल गोल फिरवणाऱ्या ब्रेक डान्सला त्या नावं ठेवायच्या. "त्यात मानसाला ताकासारखं घुसळतेत. आपुन घरी घुसळतो ते काय कमी हाय?" लहान पोरांच्या ड्रॅगन गाडीला त्या 'बैलगाडी' म्हणत. मान होता तो आकाशपाळण्याला. आणि त्याच्याही वर, त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिलेल्या रोलर कोस्टरला.

ते पाहिलं संस्थेच्या सहलीत. दुष्काळाच्या आधीची गोष्ट, संस्था जोरात चालली होती. आम्ही सगळ्या बाया बस करून मुंबईकडच्या एका मोठ्या पार्कात गेलो. रोलर कोस्टरच्या रांगेत बाई सगळ्यात पुढे. गाडी चढावर निघाली, निम्म्यावर गेली, आणि थांबली. बाया रडायला लागल्या. एकीने कुलदैवताला नारळ बोलला. थोड्या वेळाने पार्कातली माणसं जिन्याने वर आली आणि एकेकीला हाताला धरून खाली घेऊन गेली. सगळ्या देवाचे आभार मानत होत्या, बाईंचं तोंड मात्र उतरलेलं. "चढ झाला आन उताराच्या वक्ताला उठवलं," त्या म्हणाल्या. परतीच्या बसमध्ये कुणीतरी त्या गाडीला शिव्या द्यायला लागलं, तेव्हा त्या मागे वळल्या. "बिगडली न्हाई ती. तिला काय तरी खटकलं म्हनून थांबली. थांबती ती गाडी शहानी. न थांबनारीला भ्यावं."

ही त्यांची श्रद्धाच झाली. पुढे कुठल्याही जत्रेत पाळणा मध्येच थांबला, की बाकीच्यांचा जीव वर-खाली व्हायचा आणि बाई म्हणायच्या, "शहाना हाय." मी एकदा विचारलं, "बाई, तुम्हाला यात एवढं काय आवडतं?" त्या म्हणाल्या, "घरी मी म्हनल तसं. संस्थेत मी म्हनल तसं. तिथं वर गेलं की माझं कोन ऐकतंय? दांडा धरायचा आन बसायचं. तेवढाच इसावा."

मग पाऊस गेला. एक वर्ष गेला, दुसऱ्या वर्षीही गेला. विहिरी आटल्या, टँकर सुरू झाला, गावाबाहेरच्या मैदानाशेजारी चारा छावणी पडली. संस्थेत येणारे कॅन रोडावले आणि दुधाचा टेम्पो एक दिवसाआड यायला लागला. चैत्रात गावच्या भैरवनाथाची जत्रा तोंडावर आली, तेव्हा पारावर बैठक बसली. किसनराव म्हणून गावातले वजनदार गृहस्थ होते. त्यांची सून शांता आमच्या संस्थेची सभासद. ते उठून म्हणाले, "मानसं टँकरमागं पळतेत आन ह्या साली पाळना आनायचा? लोक काय म्हनतील? नैवेद्य करा, बास."

बाई बाजूला बायकांत बसल्या होत्या. बसूनच म्हणाल्या, "टँकर येईस्तोवर लेकरांनी काय करावं, किसनराव? रिकाम्या हंड्याकडं बगत बसावं? जत्रा देवाची हाय, दुष्काळाची न्हाई."

"आन काय झालं तर?"

"तर मला विचारा."

पाळणा आला. आणला बीडच्या रशीदभाईंनी. वडिलांपासून त्यांच्याकडे हाच धंदा. माणूस अबोल, हाताला कायम काळं वंगण. त्यांच्याशी बाईंची जुनी ओळख. पाळणा उभा राहत असतानाच बाई तिथे जाऊन नटबोल्ट बघून आल्या होत्या, इंजिनाच्या पट्ट्यावर हात फिरवून आल्या होत्या.

जत्रेच्या दिवशी ऊन उतरल्यावर आम्ही दोघी बसलो. सगळे पाळणे भरले होते. आमच्या पुढच्या पाळण्यात शांता होती, मांडीवर तिचं तान्हं. सासऱ्याला न सांगता आली असणार, कारण पदराने तोंड झाकून हसत होती. चार-दोन फेऱ्या झाल्या. आम्ही वर पोचत होतो, तेवढ्यात खाली फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. इंजिन एकदम मोकळं सुटल्यासारखं किंचाळलं आणि बंद पडलं. चाकाने हिसका दिला. ते थोडं मागे आलं आणि थांबलं.

बाईंनी तोंडातला पदर सोडला. "थांबला. बग, शहाना हाय."

जळक्या रबराचा वास वर आला. मी वाकून पाहिलं. इंजिनापासून चाकापर्यंत जाणारा पट्टा तुटून जमिनीवर पडला होता आणि रशीदभाई ब्रेकच्या लाकडी दांड्यावर सगळं अंग टाकून ओणवे झाले होते. त्यांचा माणूसही येऊन दांड्याला लागला होता. सगळ्यात खालच्या पाळण्यात गावातली तरणी पोरं होती. त्यांनी खाली बघितलं, जमीन जवळच होती, धडाधड उड्या मारल्या. तेवढं वजन गेलं आणि अख्खं चाक करकरत सरकलं. आमचा पाळणा मागच्या बाजूला झुकत गेला. शांता मोठ्याने ओरडली. खाली रशीदभाईंचा आवाज आला, "उतरना नक्को! कोई उतरना नक्को!" पण गर्दीच्या गलक्यात तो कुणाला ऐकू जातोय?

चाक पुन्हा थांबलं. बाईंनी माझं मनगट धरलं. त्यांचा चेहरा मी इतकी वर्षं पाहत होते, तसा तो कधी पाहिला नव्हता.

"सुनंदे," त्या हळू म्हणाल्या, "हे थांबलेलं न्हाई. ह्याला कुनीतरी धरलंय."

खाली लोक धावून आले होते. किसनराव सगळ्यांच्या पुढे. वर सून आणि नातू अडकलेत हे त्यांना कुणीतरी सांगितलं असणार. त्यांनी येऊन सरळ रशीदभाईंची गचांडी धरली. "कुठलं भंगार आनलंस बे!" मागून दोघंतिघं हात उगारून पुढे झाले. रशीदभाईंनी दांडा सोडला नाही, पण त्यांचे पाय मातीत घसरताना मला वरून दिसत होते, आणि प्रत्येक हिसक्याला आमचा पाळणा थरथरत होता.

बाईंनी दोन्ही हातांनी दांडा धरला आणि मान खाली काढली. "किसनराव! सोडा त्याला! तुमचा नातू त्याच्या हातात हाय!"

मैदान गप्प झालं. किसनरावांनी वर पाहिलं, मग ब्रेकच्या दांड्याकडे पाहिलं, आणि त्यांची बोटं आपोआप सुटली.

"रशीदभाई," बाई म्हणाल्या, "काय करायचं ते तुमी सांगा. ते सांगतेत तसंच करायचं रे समद्यांनी. कुनी मधी बोलायचं न्हाई."

रशीदभाईंना धाप लागली होती. "वजन सारखा पायजे, बाई. एक उतरा तो उसके जागे पे दुसरा वजन रखना. और चाक हाथ से घुमाना पडेगा. रस्से लाओ, मोटे रस्से."

रस्से छावणीत होते. जनावरांची दावी, विहिरीच्या मोटेचे जुने जाड दोर, जे मिळेल ते आणायला किसनराव स्वतः पळाले. वजनाला छावणीतली पेंडीची पोती आणायचं ठरलं. त्या दिवसांत पेंडीचं पोतं म्हणजे काय हे सांगायला नको, पण कुणी हूं की चूं केलं नाही. चाकाच्या दोन्ही अंगांना दोर बांधले. एका बाजूची माणसं ओढायची, दुसऱ्या बाजूची धरून ठेवायची, आणि रशीदभाई ब्रेक जरासा उचलून परत दाबायचे. चाक इंच-इंच खाली यायचं. एक पाळणा जमिनीला लागला की माणसं काढायची, पोती ठेवायची, की पुन्हा ओढा.

हे सुरू असताना शांताचा धीर सुटला. चाक हललं की तिला वाटे पडलंच. खाली दोघातिघांनी चादर ताणून धरली होती, कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. शांता बाळाला दोन्ही हातांवर घेऊन पाळण्याच्या कडेला सरकली. "मी सोडते त्याला. तो तरी वाचंल. सोडू का? सोडू का?"

बाईंनी आवाज एकदम खाली आणला. संस्थेत सकाळी बोलतात तसा.

"शांता, खाली बगू नको. माझ्याकडं बग. पोराला पाजलंस का?"

"आं?"

"पाजलंस का त्याला? रडतंय ते भुकेनं."

"न्हाई... दुपारपासून न्हाई."

"मग पाज. मागं टेकून बस आन पाज. घाई न्हाई."

शांता मागे सरकली, टेकून बसली आणि पदराआड पोराला घेतलं. रडणं थांबलं. चाक पुन्हा करकरलं, पाळणा खाली झुकला, पण या वेळी ती ओरडली नाही. तिची मान बाळावर होती. बाईंचा आवाज तसाच चालू होता, म्हशीचं काय चाललंय, माहेरी पाणी आहे का, असलंच काहीबाही. आणि त्याच वेळी त्यांचा माझ्या मनगटावरचा हात इतका घट्ट झाला की माझी एक बांगडी पिचली. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही.

शांताचा पाळणा खाली लागला. किसनरावांनी नातवाला उचललं आणि तिथेच मातीत बसले. पुढची पाळी आमची होती. मी उतरले. बाई उतरल्या नाहीत.

"पुढं घ्या," त्या म्हणाल्या. "वर आजून लोक हायेत."

"बाई, उतरा की!" मी रडकुंडीला आले होते.

"मी उतरले तर वरची भ्यातील. पोतं ठेव हितं."

माझ्या जागेवर पेंडीचं पोतं ठेवलं आणि चाक ओढलं गेलं. बाई त्या पोत्यावर हात ठेवून पुन्हा वर गेल्या. सगळ्यात उंच जागी त्यांचा पाळणा बराच वेळ लटकत राहिला. त्या एकेकाला नावाने हाक मारून बोलत होत्या, मला खालून शब्द कळत नव्हते. शेवटचं माणूस उतरल्यावरच त्या खाली आल्या. रशीदभाईंचे तळहात सोलून निघाले होते. बाईंनी पदर फाडून त्यांच्या हातांना बांधला आणि चालत घरी गेल्या.

कुणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता. तरी पुढच्या महिन्यात संस्थेच्या सभेत बाईंवर अविश्वासाचा ठराव आला. किसनरावांनी घरोघर फिरून सह्या घेतल्या होत्या. बायकांनी माना खाली घालून हात वर केले. शांताने मात्र केला नाही. सासरा दारात उभा असताना तिने हात मांडीखाली दाबून धरला होता. ठराव झाला. मला राग अनावर झाला होता, पण बाई म्हणाल्या, "त्यांचं काय चुकलं गं? काय झालं तर मला विचारा, आसं मीच म्हनलं होतं. त्यांनी विचारलं." मग थोड्या वेळाने, "आन मी पट्ट्यावर हात फिरवला होता. मला न्हाई कळलं." त्यांना खुर्ची गेल्याचं दुःख नव्हतं, हे होतं.

त्याच वर्षी त्यांना छातीचं दुखणं जडलं आणि मुलाने त्यांना पुण्याला नेलं. मांजरसुंब्याच्या फाट्यावर मी त्यांना गाडीत बसवून आले. पुढल्या पावसाळ्यात आभाळ फुटलं, छावणी उठली, कॅन पुन्हा भरून यायला लागले. संस्थेची निवडणूक झाली आणि चेअरमन म्हणून बायकांनी शांताला बसवलं. चैत्र आला तेव्हा पाळण्याचा विषय निघाला. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होते. शांता म्हणाली, "आना. रशीदभाईंचाच आना. पैल्या फेरीला मी बसते."

जत्रा झाल्यावर मी बाईंना फोन केला. शांता चेअरमन झाली हे ऐकून त्या नुसतं "बरं" म्हणाल्या.

"पट्टा नवा होता का?" त्यांनी विचारलं.

"नवा होता. किसनराव स्वतः बीडला जाऊन बघून आले. आणि जत्राभर ब्रेकपाशी उभे होते, रशीदभाईंच्या शेजारी."

"किसनराव?"

"हो."

त्या हसल्या, मग खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत मी फोन कानाला धरून बसले.

"तुम्ही कशा आहात, बाई?"

"बरी हाय. पोराचं घर लई उंचावर हाय, सुनंदे. गॅलरीत बसलं की समदं पुनं दिसतंय." त्यांनी श्वास घेतला. "पन हालत न्हाई गं. काईच हालत न्हाई."

दिवाळीच्या आधी त्या गेल्या. त्या फोननंतर आमचं बोलणं झालं नव्हतं.