शेवंताबाईंचा हात

दहा दिवसांच्या माझ्या नातीची छाती सुजल्यासारखी दिसायला लागली. तिला न्हाऊ घालणाऱ्या शेवंताबाई म्हणाल्या, "दूध साठलंय, पिळून काढायला हवं. तुमची लेक एवढीशी होती तेव्हा तिचंही मीच काढलं होतं." मला धीर होईना. नातीला घेऊन दवाखाना गाठला, शेवंताबाईंनाही सोबत नेलं.

डॉक्टरीणबाईंनी आधी तळवे चोळून ऊन केले, मग एका बोटाने अलगद चाचपलं. लाली नाही, ताप नाही. "आईच्या हार्मोन्समुळे होतं असं. काही आठवड्यांत आपोआप ओसरेल. दाबू मात्र नका, पिकेल."

येताना रिक्षात मन हलकं झालं होतं. बाळासाठी सतत काहीतरी करत राहिलं म्हणजेच माया, असं मी आजवर धरून चालले होते. हात आवरण्यातही ती असते, हे आजी झाल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी शेवंताबाई तेल लावायला बसल्या. आधी तळवे चोळून ऊन केले. खांद्यांवरून उतरलेला हात छातीपाशी थबकला आणि वळसा घालून पोटावर गेला. नात निवांत पडून होती.

"तुमची लेक फार रडली होती हो," मान वर न करता त्या म्हणाल्या.