लोटा माझ्याकडे होता

मोजायचा मला वीट आला होता, आणि मोजायचं सगळं माझ्याच नशिबी. त्या काळात प्राथमिक शाळेचा गुरुजी म्हणजे सरकारचा फुकटचा कारकून. माणसं मोजा, गुरं मोजा, मतं मोजा. सत्तरच्या दशकात मी सानगडीकडच्या एका खेड्यात होतो, तिथे याच्यावर आणखी एक भर. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, लाडू खायची पैज लागायची आणि लाडूही गुरुजीनेच मोजायचे. का, तर आमच्या आणि पलीकडच्या, दोन्ही गावचे लोक आपापला आकडा बोंबलत असत आणि कोणाचाच कोणावर भरवसा नसे.

पैज भर दुपारी, हलवायाच्या दुकानापुढे. बुंदीचे लाडू, किलोत सोळा बसतील असे. खाणाऱ्यांनी सतरंजीवर मांडी घालायची, पुढ्यात पळसाची पत्रावळ. एक लाडू घशाखाली उतरला की मी त्या गड्याच्या वाटीत एक चिंचोका टाकायचो. दहा लाडवांमागे दोन घोट पाणी. उठला तो बाद. ओकला तोही बाद. पंगतीत करतो तसा पत्रावळीवर हात धुतला, की त्याचं खाणं संपलं. त्यानंतर ओका, लोळा, काय करायचं ते करा, आकडा पक्का.

या हात धुण्यावरून एका वर्षी मोठा राडा झाला. एका गड्याच्या हातावर दुसऱ्याच कोणी पाणी ओतलं, आणि दोन गावं काठ्या घेऊन समोरासमोर. तेव्हा मी नियम काढला, की हात धुवायचा लोटा गुरुजीपाशी राहील आणि मागितल्यावर गुरुजीच देईल. काय शहाणपणा वाटला होता मला त्याचा! लोक म्हणाले, "डोकं आहे बाप्पा गुरुजीले!" मीही फुगलो.

आमच्या गावाकडून दरवर्षी बसायचा तो शाळेच्या छपरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरणारा गडी. हाडं मोजून घ्यावीत असा माणूस, पण पंगतीत बसला की वाढणारे थकायचे. हौसेने खायचा, कोणाशी भांडायचा नाही. त्या वर्षी मात्र हौस नव्हती. बक्षीस पितळेचा गुंड होता, पाणी भरायचा, चांगला मोठा. उन्हाळ्यात त्याच्या पोरीचं लग्न ठरलं होतं. आदल्या दिवशी शाळेत येऊन मला म्हणाला, "आंदणात गुंड पाहिजे जी गुरुजी. माह्याकडून कुठं होते घेणं? खाऊनच आणतो."

तीस लाडवांपर्यंत सगळे गळाले. उरले दोघे, हा आणि पलीकडच्या गावचा एक तरणा पोऱ्या. अडतिसाव्याला पोऱ्याने लोटा मागितला, मी दिला, त्याने हात धुतला. आता आमचा गडी. डोळे वर गेलेले, घाम कानामागून गळतोय. सावकाश एक लाडू संपवला आणि माझ्याकडे हात पसरला.

"झालं जी गुरुजी. लोटा द्या."

मी त्याच्या वाटीतले चिंचोके मोजले. अडतीस. पुन्हा मोजले. अडतीसच. बरोबरी झाली तर गुंड कोणालाच नाही, पुढच्या मंडईपर्यंत हलवायाच्या फळीवर. मला त्याच्या पोरीचं लग्न आठवलं, आणि खोटं कशाला बोलू, गावाचं नाकही आठवलं.

"अडतीस झाले गा," मी म्हणालो. "बरोबरी आहे. एकच खा, गुंड तुझा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं आणि लाडू उचलला. अर्धा गेला. मग सगळंच बाहेर आलं, पत्रावळीवर, सतरंजीवर, माझ्या पायावर. हात धुतलेला नव्हता. बाद. माझ्याच तोंडाने मला सांगावं लागलं. गुंड पोऱ्याच्या खांद्यावर बसून गेला.

घरी जाऊन मी ती पँट बदलली. पायाच्या दुमडीतून एक चिंचोका टपकन जमिनीवर पडला. उभा होतो मी आमच्या गड्याच्या वाटीला लागून; हा त्याचाच.

मी बाजेवर बसलो तो बसूनच राहिलो. धावत जाऊन सांगायला हवं होतं. नाही गेलो. गुरुजी मोजण्यात चुकला हे दोन गावांत कोण सांगेल? मी तर नाही सांगितलं. चिंचोका खिशात घालून सहा महिने फिरलो. शाळेत बेरजा शिकवताना तो मांडीला लागायचा, जीव नकोसा व्हायचा.

उन्हाळ्यात लग्नाला गेलो. मांडवात आंदण मांडलं होतं. ताटं, बादली, एक पेटी. गुंड नव्हता. पंगत बसली, वरण-भातावर लाडू आला, आणि तो मला उतरेना. गडी स्वतः लोटा घेऊन पंगतीतून फिरत होता. माझ्यापाशी येऊन वाकला. मी खिशातून चिंचोका काढून त्याच्या तळहातावर ठेवला.

"तुझा एकोणचाळिसावा," मी म्हणालो. "माझ्या पँटीत पडला होता. तू जिंकला होतास गा."

त्याने चिंचोका उलटसुलट करून पाहिला.

"मी बी मनात गिनूनच रायलो होतो जी," तो म्हणाला. "एकोणचाळीसच आले होते."

"मग बोलला काहून नाही?"

"तुमी अडतीस म्हटलं न जी. मी त शाळेत गेलो नाही. म्हटलं, आपलीच गिनती चुकली असन. गुरुजी कसे चुकतीन?"

लाडू पत्रावळीवर तसाच होता. त्याने एकदा लाडवाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि चिंचोका बंडीच्या खिशात टाकला.

"नाही जात त राहू द्या जी," तो म्हणाला. "धुवा हात."

मी हात पुढे केला. मी मागितलं नव्हतं, तरी त्याने पाणी घातलं.