पेळूंची कमान

माणसाच्या डोक्यात काय असतं हे आमच्या आतोबांइतकं ठाऊक असलेला, आणि माणसाच्या मनात काय असतं हे त्यांच्याइतकं न कळणारा गृहस्थ अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा नसेल. आतोबा म्हणजे आमच्या आत्याचे यजमान. नागपुरात डॉक्टरकीच्या पोरांना जन्मभर शरीररचना शिकवून ते समुद्रपूरला येऊन राहिले, तेव्हा आमचा जिल्हा नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. ओसरीवर मंडळी त्यावर भांडत आणि आतोबा मध्येच मेंदू काढत. लग्नाच्या पंगतीत फुलकोबी आली, की तिचे देठ उलगडून शेजाऱ्याला मेंदूतले पांढरे तंतू दाखवत. शेजाऱ्याची भाजी पानातच राही.

या तंतूंचा डाव्या बाजूचा एक जुडगा त्यांचा फार लाडका. आत्याने कातायला ठेवलेले कापसाचे पेळू उचलून ते त्याची कमान करत. "हे कानामांगं, इथं बोलनं समजते. हे कपाळाजवळ, इथून शब्द निघते. अन् हा मधातला पूल. हा तुटला, तं मानसाले समजते, बोलताही येते, पन आयकलेला शब्द मांगं म्हनता येत नाई." घरी येणाऱ्या प्रत्येकाचा पूल ते तपासत. "माह्या मांगं म्हन, हिंगनघाटचा कापूस!" म्हटल्याशिवाय चहा नाही. तलाठी एकदा भडकला, "मी का पोपट हाओ?" तर आतोबा त्याच्या पुलाच्याच काळजीत पडले.

आणि एका सकाळी मेंदूत रक्ताची गुठळी अडकून नेमका आत्याचाच पूल गेला. हातपाय शाबूत, समजे सगळं, बोलेही. मागून म्हणता येईना. "कापूस म्हन." "ते... आपल्या वावरातलं पांढरं." आतोबा रोज नवा शब्द काढत, आणि उत्तराआधीच त्यांचा चेहरा उतरे. मला ते बघवत नसे.

एकदा माझ्यासमोरच ते म्हणाले, "बाकी राहू दे. माहं नाव म्हन." आणि स्वतःचं नाव दोनदा उच्चारलं. आत्याने मान फिरवली. आतोबांचे डोळे भरून आले. "हेबी गेलं," ते पुटपुटले.

तशी आत्या चिडली. "काऊन रडून राह्यले? नवऱ्याचं नाव असं घेत असते काय कोनी?"

आतोबा डोळे पुसत हसत सुटले. त्या दिवसापासून परीक्षा बंद झाली, पाहुण्यांना चहा आपोआप मिळू लागला. मागून म्हणायचं काम आतोबांनी स्वतःकडे घेतलं. संध्याकाळी दोघं ओसरीवर बसत.

आत्या म्हणे, "आज ऊन लय होतं."

आतोबा तिच्या मागून हळूच म्हणत, "आज ऊन लय होतं."