बाटल्यांमध्ये न सापडलेलं

मुलगी नववीत होती तेव्हा खो-खोच्या सरावावरून आली की बूटही न काढता आडवी व्हायची. पोटऱ्या दुखायच्या, जिना चढताना धाप लागायची. मी कापडे गावच्या शाळेत शिकवते, महाडहून रोज एसटीने जा-ये. एका संध्याकाळी डेपोत उतरले आणि थेट मेडिकलमध्ये गेले.

दुकानदाराने काउंटरवर मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, अस्वलाच्या आकाराच्या रंगीत गोळ्या, वाढत्या वयासाठीची पावडर असं सगळं मांडलं. "खेळणारी मुलं हेच नेतात, मॅडम," प्रत्येक बाटलीबद्दल तो हेच म्हणाला. घरी दिरांनी मुंबईहून पाठवलेला प्रोटीनचा डबा आधीच होता, शेजारीण बी-बारा द्या म्हणत होती. लेबलावरची बारीक अक्षरं वाचायचा प्रयत्न केला, मग हाताला आली ती बाटली उचलली. मला फक्त घरी जाऊन बसायचं होतं.

बाटली संपली, दुसरीही संपत आली. मुलगी तशीच.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींना हे सांगितलं. तांदूळ निवडता निवडता त्यांनी विचारलं, "बाई, पोर सकाळी खाते काय?"

"पोळीभाजी करून ठेवते मी. डबाही भरते."

"ठेवता ता ठीक हाय. खाताना बघितलाव कधी?"

नव्हतं बघितलं. मी साडेसहाची गाडी पकडते, ती माझ्यामागून उठते.

संध्याकाळी तिला विचारलं. "भरल्या पोटी धावता येत नाही," ती म्हणाली. "डबा मैत्रिणी खातात."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

रागवायलाही माझ्यात त्राण नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं. बाटल्या आणि प्रोटीनचा डबा बंद करून त्यांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत आणि आधी जेवण सुधारायचं, असं बजावलं. मग माझी खालची पापणी ओढून पाहिली. "तुम्हीही तपासून घ्या."

माझं तिच्याहून कमी होतं. मुलीने दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी धरून पाहिले.

"आई, तू तरी तुझा डबा खातेस का?"

"अर्धा. तास बदलताना, उभ्यानेच."

ती दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर उठली.

त्या वर्षी तालुक्याच्या संघात तिची निवड झाली नाही. दोनेक महिन्यांनी तिची धाप मात्र थांबली. मला वेळ लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. सकाळी पावणेसहाला आम्ही दोघी स्वयंपाकघरात खाली बसून नाचणीची भाकरी खातो. फारसं बोलणं होत नाही. तिला झोप येत असते, आणि मलाही.