सीटखालची टीप

अंगानं काडी, पण बिघाड शोधण्यात वायरमनचा हात धरणारा कुणी नव्हता. भूतखेत त्याच्या हिशेबातच नव्हतं. "दिवा आपोआप लागत नसतो, कुठेतरी वायर सोललेली असते," असं तो गिऱ्हाइकांना ठणकावून सांगायचा. आणि वहिनींनी नेमकं त्यालाच बोलावून घेतलं.

"भाऊजी, तुमच्या दादांच्या गाडीतला दिवा लागतो. मी बसले की लागतो, उठले की विझतो."

दादा, म्हणजे वायरमनचा थोरला भाऊ, शिंपी. जन्मभर लोकांचे कपडे बेतले आणि उतारवयात डोक्यात खूळ शिरलं, सुटे भाग मागवून घरच्या गॅरेजमध्ये दोन सीटांची गाडी जोडायची. जोडलीही. पण ती रस्त्यावर यायच्या आधीच दादा गेला. वहिनी रडल्या नाहीत. बाई काळजाची घट्ट, असं लोक म्हणाले. त्या मात्र रोज संध्याकाळी गाडीत, स्टिअरिंगशेजारच्या सीटवर जाऊन बसायच्या.

वायरमननं बसून पाहिलं. काही नाही. मग वहिनी बसल्या आणि डॅशबोर्डवरचा छोटा पिवळा दिवा लागला. वायरमनच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"तुम्हाला नाही ओळख देत," वहिनी म्हणाल्या.

त्या घरात गेल्यावर त्यानं सीटखाली डोकं घातलं. बिघाड लगेच सापडला. दादानं सगळ्या वायरी सीटच्या खालच्या कापडाला शिवून टाकल्या होत्या, चांगली दुहेरी टीप घालून! वायर दिसता कामा नये, हा शिंप्याचा हट्ट. वहिनी बसल्या की सीट दबायची, दिव्याची सोललेली वायर खालच्या लोखंडी पट्टीला टेकायची आणि दिवा लागायचा. काडीच्या वजनानं काय दबणार, कपाळ! पण त्याच जुडग्यात बॅटरीची जाड वायर होती आणि तिचंही आवरण झिजत आलं होतं. फ्यूज दादानं बसवलाच नव्हता. ही वायर टेकली असती, तर फायबरची गाडी बघता बघता पेटली असती.

हे सगळं सांगायला तो घरात गेला. तोंडातून निघालं, "वहिनी, सापडत नाही. उद्या बघतो."

आपण असं का बोललो, हे त्यालाच कळेना. मग तो रोज यायला लागला. दिवा लागला की वहिनी दिवसभराचं सगळं सांगायच्या, नळ गळतोय, गुडघा धरलाय. वायरमन दाराशी टेकून ऐकायचा. एकदा तोच बोलून गेला, "दादा, माझा मोठा पाना कुठे ठेवलास रे?" आणि वेड्यासारखा दिव्याकडे बघत राहिला. घरी गेल्यावर ती जाड वायर आठवायची. उद्या नक्की, असं तो स्वतःला बजावायचा.

एका संध्याकाळी सीटखाली चर्रकन आवाज झाला. जळक्या रबराचा वास आला, धूर निघाला.

"वहिनी, उठा!"

"थांबा, ते काहीतरी सांगतायत."

त्यानं दंडाला धरून त्यांना बाहेर ओढलं आणि बॅटरीचा क्लॅम्प उपटला.

"मला पहिल्याच दिवशी सापडलं होतं, वहिनी. जीव गेला असता तुमचा, माझ्यामुळे."

"मला कळलं होतं," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "बिघाड शोधायला तुम्हाला दुसरा दिवस कधी लागलाय?"

त्यानं कटर काढला. वहिनींनी हात आडवा धरला, आतून छोटी कात्री आणली आणि जमिनीवर बसल्या. "त्यांची चुकलेली टीप मीच उसवायचे." दोरा कुठेही न तोडता त्यांनी एकेक टाका ओढून काढला. मग वायरमननं नव्या वायरी सीटपासून लांब, मोकळ्या टाकल्या, फ्यूज बसवला, क्लॅम्प लावला.

वहिनी सीटवर बसल्या. दिवा लागला नाही. उठून पुन्हा बसल्या, सगळा भार टाकून. तरीही नाही.

वायरमन अवजारं गोळा करू लागला.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "आज गेले हो ते." आणि उसवलेला दोरा मुठीत धरून त्या पहिल्यांदा रडल्या.